वानोळा न मावणारी बॅग

पनवेलहून पळस्प्याला जाण्याला कोणी प्रवास म्हणत नाही. कर्नाळ्याला लोक सहलीला जातात, उरणला कामाला. यातल्या एकाही ठिकाणाबद्दल लिहून ठेवावं असं काही नाही, हे मला मान्य आहे. तरी लिहितोय, कारण या सगळ्या ठिकाणी मी चोरून गेलो होतो, आणि चोरून गेलं की रस्ता फार नीट लक्षात राहतो.

आधी घरचं सांगतो. कुंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, दोन वर्षांपूर्वी लकव्याचा झटका आला. बोलणं वाचलं, डोकं तर आधीपेक्षा तल्लख झालं, पण डावा हात आणि डावा पाय गेला. घरातल्या घरात ती काठी घेऊन चालते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. तिला खाली न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोन माणसांनी उचलायचं. जिन्यात सगळ्यांची दारं उघडतात, सगळे "सावकाश, सावकाश" म्हणतात. ते तिला इतकं नकोसं झालं की डॉक्टर सोडून ती कुठेच जाईना. मी न्हावा शेव्याला मालाच्या क्लिअरिंगच्या ऑफिसात होतो, ती नोकरी सोडली. मुलगी लग्न होऊन लांब. दिवसा कामाच्या मावशी असतात, त्या चारच्या सुमारास जातात.

तर दुपार मोकळी. एका दुपारी खरोखरच औषधं आणायला गेलो होतो. दुकानासमोर एसटी हळू झाली आणि मी तीत चढलो. कुठली होती, आठवत नाही. शेवटपर्यंत गेलो, त्याच गाडीने परत आलो. खिडकीतून वारा लागला एवढं आठवतं. घरी येऊन म्हणालो, "दुकानात गर्दी होती." पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. मग सवयच लागली.

कुंदा उरणकडच्या एका गावातली, आगऱ्याची मुलगी. तिच्या माहेरी बाहेर निघालेल्या माणसाला "कुठे" म्हणून विचारत नाहीत, गेल्या कामाला अपशकुन होतो म्हणतात. फार तर विचारायचं, "लांब का?" लग्न झाल्यापासून तिने मला दारात कधी "कुठे" विचारलेलं नाही. तिच्या त्या चालीचा मी आडोसा केला. ती म्हणायची, "लांब का?" मी म्हणायचो, "नाही गं, इथेच." एवढ्यावर भागायचं.

अडचण होती ती बॅगेची.

उरण नाका, पनवेल

माझी जुनी बॅग ऑफिसने दिलेली. निळी, मोठी, पाठीवर पिवळ्या अक्षरांत कंपनीचं नाव. ती खांद्याला लावून जिना उतरलो की दुसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका हमखास म्हणणार, "काय, टूर वाटतं!" आणि त्यांचा आवाज वरपर्यंत पोचतो. बरं, हातात कापडी पिशवी न्यावी तर ती रिकामी परत आणता येत नाही. पिशवी बाहेर गेली म्हणजे भाजी आत आली पाहिजे, असा घराघरातला हिशेब असतो. आणि काहीच न नेता जावं तर पाणी हवं, रक्तदाबाची गोळी हवी, टोपी, पंचा, छत्री, चार बिस्किटं हवीत. या वयात खिशांवर प्रवास होत नाही.

उरण नाक्याच्या अलीकडे बॅगांची दुकानं ओळीने आहेत. त्यातल्या एकात शिरलो. दुकानदार पन्नाशीचा, दाढीला मेंदी लावलेला, गल्ल्यामागे बसून केळं खात होता.

"आइए, या काका. कसली पायजे? ट्रेकिंगची, लॅपटॉपची, नातवाला शाळेची?"

"रोजची. लहान."

"रोज कुठे जाता?"

घरात कोणी विचारत नाही, आणि इथे पहिलाच प्रश्न तो. "इथेच," म्हणालो.

"इथेच जायला बॅग कशाला? खिसा काफी आहे."

त्याने समोर ढीग घातला. एकीला चमकणारी पट्टी होती, रात्री गाडीवाल्यांना दिसावी म्हणून. एकीवर इंग्रजी अक्षरं एवढी मोठी की समोरच्या गच्चीवरून वाचता यावीत. एकीला इतके कप्पे की गोळी कुठे ठेवली हे आठवेपर्यंत रक्तदाब वाढावा. एक चांगली होती, पण तिची चेन ओढली की दुकानभर आवाज. मी ती चेन तीनचारदा हळूहळू ओढून पाहिली. वेगाने ओढली तरी आवाज, सावकाश ओढली तरी आवाज.

तो माझ्याकडे बघत राहिला. "काका, बुरा मत मानना. बॅग घ्यायला आलात की घरफोडीला निघालात?"

मी हसलो. तो हसला नाही, आत गेला आणि मागच्या फळीवरून एक राखाडी बॅग घेऊन आला. धूळ झटकली. "ही कोणी घेत नाही. दिसतच नाही ना गिऱ्हाइकाला."

ज्यांना अशी बॅग घ्यायची असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, कारण मी बऱ्याच पाहिल्या. रंग राखाडी किंवा मेंदी. काळा नको, काळ्यावर पांढरी धूळ उठून दिसते आणि धूळ दिसली की माणूस कुठून तरी आल्यासारखा वाटतो. पट्टे रुंद असावेत, पण खांद्याच्या बाहेर येऊ नयेत. बाटलीची जाळी बाहेरच्या बाजूला नको, बाटली लटकलेला माणूस प्रवासी दिसतो. बाटली आत आडवी बसते का बघावी, आणि दुकानातच पाणी भरून बघावी, कारण रिकामी बॅग सगळ्यांच्याच पाठीला शोभते. चेनला धातूची लोंबती कडी नको, दोरीची असावी. आणि खाली ठेवली की पडली पाहिजे. जी बॅग आपली आपण उभी राहते ती सगळ्यांच्या नजरेत भरते.

ही पडली. पाठीला लावून आरशासमोर उभा राहिलो. समोरून पट्टे तेवढे दिसत होते, बाजूने जाकीट घातल्यासारखं वाटत होतं. दुकानदार म्हणाला, "माशाल्ला. आता तुम्ही पण दिसत नाही."

घरी खुंटीवर लावली. कुंदाने विचारलं, "काय आणलंत?" "तुझ्या फायली ठेवायला," म्हणालो, आणि तिचे दोन रिपोर्ट तिच्यात घातले. ते रिपोर्ट पुढे माझ्याबरोबर सगळीकडे फिरले.

पळस्पे

पहिली चाचणी पळस्पे फाट्यावर. मुंबईहून येणाऱ्या रस्त्यातून गोव्याचा रस्ता इथे सुटतो. बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही. पूल, धूळ, कंटेनरची रांग, चहाच्या टपऱ्या. मी टपरीच्या बाकावर बसून गाड्या वळताना बघत होतो. ज्या माणसाचं घराबाहेर जाणं बंद झालंय त्याला नुसतं दुसऱ्याचं वळणंही बघत बसावंसं वाटतं. बंद झालं होतं कुंदाचं, हे त्या वेळी मनात आलं नाही. आत्ता लिहिताना आलं.

एक गाडी थांबली. आत नवराबायको, मागे सासूबाई, टपावर पिवळी ताडपत्री. काच खाली करून बाई म्हणाल्या, "काका, गोवा हाच ना? हे ऐकत नाहीयेत."

"हाच. उजवीकडे ठेवा."

"बघ," त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा माझ्याकडे रागाने बघून म्हणाला, "तुम्ही कुठे निघालात? सोडतो वाटेत."

"मी इथेच आलोय."

"इथे?" त्याने पूल, कंटेनर, टपरी सगळं एकदा पाहिलं. मागून सासूबाई म्हणाल्या, "अरे, असतात एकेकाची घरची कारणं. चल तू."

बॅग मांडीवर होती. तिच्याकडे मात्र कोणी पाहिलं नाही. त्या बाबतीत दुकानदार खरा निघाला.

परतताना जिना चढलो. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दमलेला चेहरा करायला फारसे कष्ट पडत नाहीत, गुडघे ते काम करतात. तरी दाराबाहेर मी क्षणभर थांबलो, कपाळावर आठी आणली, मग बेल दाबली. "बँकेत सर्व्हर बंद," म्हणालो. कुंदा म्हणाली, "बसा, मावशी पाणी देतील." मी पंख्याखाली बसून सुस्कारा सोडला. हा सुस्कारा मी पुढे प्रत्येक वेळी सोडला. बाहेर चांगलं वाटलं हे तिला कळू नये म्हणून. तिला वाईट वाटू नये असं मी स्वतःला सांगत होतो.

कर्नाळा

कर्नाळ्याबद्दल थोडंच लिहितो. आडवार होता, गर्दी नव्हती. सावरीला लाल फुलं आली होती आणि पान एकही नव्हतं. किल्ल्यावर गेलो नाही, अर्ध्या पायवाटेवरच्या एका दगडावर बसलो. पक्ष्यांची नावं मला येत नाहीत. एक शिट्टी घालत होता, एक त्याला गप्प करत होता.

खाली कॉलेजातली मुलं वेफर्सची पाकिटं घेऊन उभी होती. माकडांनी एकेक करून सगळी पळवली. एकाने तर मुलीच्या हातातली पर्स उघडून लिपस्टिक काढली, चावून पाहिली आणि टाकून दिली. माझ्या बॅगेत बिस्किटं होती. त्यातलं सगळ्यात मोठं माकड माझ्या शेजारून गेलं, पाठीकडे वळून पाहिलं आणि पुढे गेलं. एक मुलगा म्हणाला, "अंकल, तुम्हाला का नाही त्रास देत?" मी म्हणालो, "वयाचा मान." घरी येऊन ही गोष्ट कुंदाला सांगावी असं फार वाटलं. तिला माकडांचं फार हसू येतं. सांगितली नाही. म्हणालो, "आधार केंद्रात रांग होती," आणि सुस्कारा सोडला.

खाडीकडचं गाव

आता खरं लिहायचं ते. आधी मी असं लिहिलं होतं की उरणच्या गाडीने समुद्र बघायला निघालो होतो, वाटेत कंटेनरच्या गाड्यांमुळे रस्ता तुंबला, म्हणून फाट्यावर उतरलो आणि फाटा नेमका कुंदाच्या गावाचा निघाला. ते खोडलं. रस्ता तुंबला होता हे खरं. पण मी मुद्दाम उतरलो. मला वहिनीच्या हातची तांदळाची भाकरी आणि निवट्या खायच्या होत्या. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे. पनवेलच्या बाजारात मिळतात, पण त्यांची चव खाडीवरून घरात येईपर्यंतची.

वहिनी म्हणजे कुंदाच्या भावाची बायको. कुंदाच्या आईवडिलांमागे माहेर म्हणतात ते तिनेच चालू ठेवलंय. आजारपणानंतर कुंदा तिथे एकदाही गेलेली नाही. ही गोष्ट फाट्यावर उतरताना मला माहीत होती.

गाव पूर्वीसारखं राहिलेलं नाही. मिठागरांपैकी निम्मी भरून तिथे कंटेनर रचलेत, लाल, निळे, एकावर एक. उरलेल्या खाचरांत पाणी चमकत होतं आणि कडेला मिठाची ढेपळं होती. घरं मात्र एकाहून एक, संगमरवरी पायऱ्या, गच्चीवर सिमेंटचा गरुड. मी बॅग पाठीला लावून भिंतीच्या कडेने चाललो होतो. मनात असं की मला कोण ओळखतंय, वहिनीकडे जेवेन आणि मागच्या वाटेने निघेन.

जावयाबद्दल असा विचार फक्त शहरात वाढलेला माणूस करू शकतो. पहिल्याच ओट्यावर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली.

"आमच्या कुंदाचा मालक ना तुमी?"

"हो."

"एकलंच?" मग घराकडे तोंड करून ओरडला, "अगो, जावय आयलं!"

तिसऱ्या घरापर्यंत बातमी माझ्या पुढे पोचली होती. वहिनी दारात तांब्या घेऊन उभी. पायावर पाणी घातलं, मग हात धरून आत नेलं.

"कुंदा कशी हाय? तिला नाय आनली?"

"जिने उतरवत नाहीत तिला."

"मंग तुमी कसं आलाव?"

इथे मी खरं बोलू शकलो असतो. "तिनेच पाठवलं," म्हणालो. "म्हणाली, बघून या सगळ्यांना."

वहिनीचे डोळे भरले. पदराने पुसले आणि ती चुलीकडे गेली. मला वाटलं होतं त्याहून फार चांगलं जेवलो. निवट्यांचा रस्सा, खाडीची कोलंबी, ओल्या वालाची उसळ, आणि भाकरी अशी की तोडताना वाफ बोटांना लागावी. दर घासाला वहिनी म्हणत होती, "आमच्या कुंदाला हा लय आवडतंय." मी मान हलवत होतो आणि वाढून घेत होतो. तिने एकदा विचारलं, "भावोजी, दमलाव का?" मी म्हणालो, "नाही," आणि ते खरं होतं. कितीतरी दिवसांत मी इतका ताजातवाना नव्हतो.

निघतो म्हणालो तशी ती कोठीघरात गेली. मुलीच्या घरी माणूस निघाला की माहेरचं काही ना काही बरोबर द्यायचं, वानोळा. रिकाम्या हाताने पाठवणं म्हणजे माहेर संपलं असं सांगणं. पोह्याचे पापड आले, सुकट आली, सुक्या बोंबलाची जुडी आली, वालाच्या कवळ्या शेंगा आल्या, भाकऱ्या फडक्यात बांधून आल्या.

"द्या ती बॅग," ती म्हणाली.

पाण्याची बाटली बाहेर काढली, पंचा काढला, रिपोर्ट काढले. तिने आधी पापड उभे घातले, ते चुरायला लागले. ते काढून शेंगा घातल्या, तेवढ्यात बॅग भरली. बोंबील तिरपे घालून पाहिले. चेन अर्ध्यावर येऊन थांबली आणि बाहेर शेपट्यांचा झुपका उरला. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. त्या हसायला लागल्या.

"भावोजी, ही काय बॅग घेतलीव? आमची शालंतली पोरं पन याच्यापेक्षा मोठी नेतात!"

"सासरवाडीला येताना एवढीशी आनतात का कोन?" दुसरी म्हणाली. "मनातच नवता नेयाचा!"

तिने गंमतीने म्हटलं. माझी मात्र कानशिलं तापली. वहिनीने सगळं पुन्हा बाहेर काढलं, फळीवरून एक शिवलेली मोठी पिशवी घेतली, हिरवी, लाल किनारीची, आणि तिच्यात सगळं नीट रचून वर गाठ मारली. "पोचल्याव फोन करा."

"मीच करीन," म्हणालो. "तुम्ही नका करू, ती दुपारची झोपते."

परतीची वाट

गाडी बंदराच्या रस्त्याला लागली आणि थांबली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. इंजिनं बंद करून ड्रायव्हर उतरले, कोणी चाकाच्या सावलीत जेवायला बसले. पिशवी माझ्या मांडीवर. उन्हात सुकटीचा वास उठायला लागला. उरणच्या गाडीत त्या वासाला कोणी नाक मुरडत नाही. शेजारचा म्हातारा तर जवळ सरकून बसला.

मी एकच विचार करत होतो, ही पिशवी तिसऱ्या मजल्यावर कशी न्यायची. उरण नाक्यावरून आणली म्हणावं, तर बाजारातले बोंबील आणि घरचे बोंबील कुंदा डोळे मिटून ओळखेल. खरं सांगावं, तर त्या एका खऱ्यामागून बाकीचं सगळं बाहेर येईल, पळस्पे, कर्नाळा, सर्व्हर, सुस्कारे. गाडी चार हात पुढे सरकायची, थांबायची. मी दमून गेलो. आता खरंच दमलो.

पळस्प्याला उतरलो. थांब्यावर एक कातकरी बाई पोरं आणि बोचकी घेऊन बसली होती, वीटभट्टीवर निघाली असावी. तिच्यासमोर पिशवी ठेवली.

"हे घ्या."

"का?"

"आमच्याकडे कोणी खात नाही."

तिने गाठ सैल केली, वास घेतला, मग माझ्याकडे नाक करून पुन्हा वास घेतला. "तुमच्या आंगाला तर खाल्ल्याचा वास येतंय."

ती हसली. "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. पिशवी परत पायजे का?"

"नको."

बॅग पहिल्यासारखीच चपटी होती. ती लावून मी घरी आलो. जिना, आठी, बेल, सुस्कारा. कुंदा माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "फ्रीजमध्ये लिंबू आहे." मला वाटलं सरबतासाठी म्हणतेय. मी सरबत करून प्यालो.

घर

रविवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. कुंदा फोन नेहमी उशीवर ठेवून स्पीकरवर बोलते. मी खिडकीशी कपड्यांच्या घड्या करत होतो.

"कुंदा गो! भावोजी फोन करनार होते, इसरले वाटतं. सुकट केलीस का?"

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तिचा परकर होता. तो मी घडी घालता घालता तसाच धरून उभा राहिलो.

"केली गो," कुंदा म्हणाली. वहिनीशी बोलताना तिची बोली आपोआप बदलते. "वांगा टाकून."

"आनि बोंबील?"

"ते ठेवलेत. शनवारी करीन."

"शेंगा कवल्या होत्या ना?"

"लय कवल्या. तशाच खाल्ल्या आमी, सोलून सोलून."

वहिनी खूश झाली. भावोजींना किती हौसेने जेवू घातलं, तूच पाठवलंस म्हणून किती बरं वाटलं, सगळं सांगितलं. कुंदा प्रत्येक वाक्याला "हां" म्हणत होती. फोन बंद झाला. खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"कुठे टाकलंत?" कुंदाने विचारलं.

लग्नानंतर पहिल्यांदा ती मला कुठे म्हणून विचारत होती.

"टाकलं नाही. पळस्प्याला एका बाईला दिलं."

"शेंगा पण?"

"सगळंच."

"काय काय होतं ते नीट सांगा. वहिनी बोलली तेवढंच मला कळलं."

मी सांगितलं. पापड. जुडी केवढी होती. भाकऱ्या कशात बांधल्या होत्या. ती एकेक गोष्ट ऐकून पुढचीची वाट बघत होती.

"आणि हे सगळं कशात?"

"शिवलेली पिशवी होती. हिरवी."

"किनार लाल?"

"हो."

"आईचं लुगडं ते," ती म्हणाली. "वहिनीने त्याच्या पिशव्या शिवल्या होत्या. एक मला ठेवलीये म्हणाली होती."

मी खाली बसलो. मग मला थांबता येईना. पहिल्या एसटीपासून सगळं सांगितलं, पळस्प्याची सासूबाई, कर्नाळ्याची माकडं, "तिनेच पाठवलं" म्हणालो ते, निवट्या किती खाल्ल्या ते. लिपस्टिकचं सांगताना तिला हसू आलं आणि तिने ते लगेच आवरलं. शेवटी म्हणालो, "तुला इथे ठेवून मी मजा करत फिरतो, याची लाज वाटत होती."

"फिरता याचं मला काही नाही," ती म्हणाली. "बाहेर पडत होतात ते कळत होतं मला. सर्व्हर बंद असलेल्या बँकेतून माणसाच्या चपलेला लाल माती लागून येते का? आणि त्या दिवशी हाताला निवट्यांचा वास, म्हणून तर लिंबू सांगितलं. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाहेर चेहरा हसरा ठेवायचात आणि माझ्यासमोर येताना दमलेला करून यायचात. दोन वर्षं मी दमलेला नवराच बघतेय. मला वाटायचं, माझ्यामुळे दमतात."

मी हातातला परकर पुन्हा घडी घालायला घेतला.

"वहिनीशी मी खोटं बोलले," ती थोड्या वेळाने म्हणाली. "माझ्या माहेरी तुमची मान खाली जायला नको म्हणून. पण ते माझ्याच्याने शनिवारपर्यंत निभणार नाही. ती बोंबलांचं विचारणार. तुम्ही सांगा तिला. आत्ता."

मी फोन लावला. वहिनीने "काय भावोजी" म्हटलं आणि मी एका दमात सांगून टाकलं. कुंदाने मला पाठवलं नव्हतं. वानोळा तिच्यापर्यंत पोचला नाही. ती आत्ता जे बोलली ते मला झाकायला.

मग वहिनीने विचारलं, "कोनाला दिलाव?"

"कातकरी बाई होती. भट्टीवर निघालेली."

"पोरं होती बरोबर?"

"होती."

"मंग खाल्ला आसंल त्यांनी." मग म्हणाली, "पिशवी?"

"ती पण."

श्वास ओढल्याचा आवाज आला. "कुंदाला फोन द्या. मना आज तुमच्याशी बोलायचा नाय."

मी फोन उशीवर ठेवला. कुंदाने स्पीकर बंद केला, फोन उजव्या हाताने कानाला धरला. "बोल गो," एवढं म्हणून तिने तोंडावर पदर घेतला. मला आधी वाटलं रडतेय. मग तिने पदरातूनच माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांत हसू होतं, आणि फोन जरा बाजूला केला.

"तुम्ही जरा फिरून या."

मी चपला घातल्या. बॅगेकडे हात गेला नाही. जिन्यात जोशीकाका भेटले, "काय, चक्कर?" म्हणाले. मी म्हणालो, "हो, बायकोने पाठवलंय." खाली गेटपाशी आलो. उजवीकडे स्टँड होता, डावीकडे बाजार. पहिल्यांदाच घरी माहीत असताना बाहेर पडलो होतो, आणि मला कुठेच जावंसं वाटत नव्हतं. गेटच्या कट्ट्यावर बसलो. वर आमच्या खिडकीत दिवा होता. त्या दोघींचं बोलणं होईपर्यंत मी तिथे बसून राहिलो.